वेबकॉमिक जोडीनं करताय? पात्रांचं डिझाइन पक्कं करायची पद्धत

एकटा माणूस वेबकॉमिक करतो तेव्हा पात्राचं नाक कसं, उंची किती, साडीचा काठ कुठला हे सगळं त्याच्या डोक्यात असतं आणि तिथंच राहिलं तरी चालून जातं. लिहिणारा एक, रेखाटणारा दुसरा आणि रंग भरणारा तिसरा असला की मात्र चालत नाही. पहिलं चित्र बघून ग्रुपवर सगळे ‘वा, मस्त’ म्हणतात. दोनचार भाग झाले की कळतं, प्रत्येकाच्या मनातलं पात्र वेगळंच होतं.

आमचं कॉमिक तिघांचं. संहिता मी लिहिते, रेखाटन करणारा मित्र कोल्हापुरात, रंग भरणारी मैत्रीण पुण्यात. कथा १९८२ च्या गिरणी संपाच्या काळातली, लालबाग-परळ भागातल्या एका खाणावळीत घडणारी. खाणावळ चालवणारी अंजनाबाई, तिचा दहा-अकरा वर्षांचा मुलगा विजू आणि तिच्याकडे जेवणारा बदली कामगार (गिरणीत कायम नसलेला, गैरहजर माणसाच्या जागी लागणारा) तुकाराम ही मुख्य पात्रं. पुढची उदाहरणं यांचीच देते, म्हणजे गोष्ट हवेत राहणार नाही.

डिझाइन पक्कं झालं की नाही याची माझी कसोटी एकच आहे. पात्र कधीच न बघितलेल्या चित्रकाराच्या हातात तुमचे कागद दिले, तर एकही प्रश्न न विचारता त्याला तेच पात्र काढता येतं का? येत असेल तर झालं. नसेल, तर त्याचा पहिला प्रश्न जिथं येईल तिथं काम बाकी आहे.

हाताशी काय लागेल

– तिघांची सही असलेला, साध्या भाषेतला करार (एक पान पुरतं)
– प्रत्येक पात्राची अर्ध्या पानाची टीप
– संदर्भचित्रांचं फोल्डर
– चित्रकलेचं सॉफ्टवेअर. क्रिटा फुकट आहे आणि सुरुवातीला भरपूर पुरतं. क्लिप स्टुडिओ पेंट विकत घ्यावं लागतं, पण कॉमिकसाठीच बनवलेलं आहे. प्रोक्रिएट फक्त आयपॅड-आयफोनवर चालतं
– सगळ्यांना उघडता येईल अशी एकच ऑनलाइन जागा. गूगल ड्राइव्हवर १५ जीबी फुकट मिळते, पण लेअरवाल्या (एकावर एक पारदर्शक थर ठेवून काढलेल्या) फायली ती भराभर खातात, आणि त्यातच तुमचे ईमेल आणि फोटोही असतात
– एक साधासा मोबाइल. महागडा नको, वाचकाकडे असतो तसा

१. आधी कागद, मग पेन्सिल

हा भाग कंटाळवाणा म्हणून सगळे शेवटी ठेवतात आणि शेवटी राहूनच जातो. दोस्तीत कागद कशाला, असं वाटतं. दोस्ती टिकावी म्हणूनच करायचा.

आपल्याकडच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार संहिता ही साहित्यकृती, तिचा कर्ता लेखक. चित्र ही कलाकृती, तिचा कर्ता चित्रकार. ‘पात्र मला सुचलं होतं’ एवढ्यानं लेखकाला चित्रांवर हक्क मिळत नाही, कारण नुसत्या कल्पनेवर कॉपीराइट नसतो. फ्रीलान्स चित्रकाराला मानधन दिलं म्हणजे हक्क आपोआप तुमच्याकडे आलेच, असंही धरून चालू नका. हक्क द्यायचे-घ्यायचे असतील तर ते लेखी आणि सहीनिशी व्हावे लागतात. त्यातही मुदत लिहिली नाही तर कायदा ती ५ वर्षं धरतो, आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत धरतो. कॉमिक इंटरनेटवर टाकणार असाल तर ‘जगभर’ हा शब्द विसरून चालणार नाही.

करारात एवढं तरी हवंच: नाव कुणाचं कुठे येणार, पैसे आले तर कसे वाटणार, स्टिकर-टीशर्ट काढायचे झाले तर कुणाची परवानगी लागणार, चित्रकार मध्येच सोडून गेला तर त्याच पात्रांची चित्रं दुसऱ्यानं काढायची की नाही, आणि डिझाइनच्या किती फेऱ्या होणार. शेवटच्या दोन मुद्द्यांवर जेवढी भांडणं होतात तेवढी पैशांवरून होत नाहीत. मोठा व्यवहार असेल तर वकिलाला दाखवा.

शेवटचा शब्द कुणाचा, हेही इथंच ठरवून टाका. आमच्याकडे पात्र काय करेल आणि काय करणार नाही हे मी ठरवते, रेघ कशी येईल हे चित्रकार ठरवतो. पोशाखाचा तपशील ही सीमेवरची जमीन, तिथं पुरावा आणेल त्याचं ऐकायचं.

२. लेखकानं टीप कशी लिहायची

‘अंजनाबाई, वय ३८, गव्हाळ, सुंदर, मोठे डोळे, स्वाभिमानी.’ अशी टीप चित्रकाराच्या काहीच कामाची नाही. यातून शंभर बायका निघतील.

दिसण्याऐवजी वागण्याचं लिहा. अंजनाबाईची टीप साधारण अशी होती: पहाटेपासून स्टोव्हसमोर बसलेली असते, उठते फार कमी. बोलताना समोरच्याकडे बघत नाही, भाकरीकडे बघते. बघितलं तर समोरचा गप्प होतो. पदर कायम कमरेला खोचलेला. उजव्या मनगटावर जुना भाजल्याचा डाग. हसते तेव्हा तोंड पदरानं झाकते. पैसे पदराच्या गाठीत ठेवते, डब्यात नाही.

या टिपेतून चित्रकाराला बसण्याची ढब मिळाली, नजर मिळाली, हाताला काम मिळालं. डोळे मोठे की लहान हे त्यानं ठरवायचं.

टिपेत एक ओळ अशीही हवी की कथेत पुढे पात्रात कोणता दिसणारा बदल होणार आहे. संप लांबत जातो तशी अंजनाबाईच्या अंगावरची एकेक वस्तू कमी होत जाते: आधी कानातलं, मग पाटल्या. हे चित्रकाराला पहिल्या दिवशी माहीत असेल तरच त्या वस्तू तो ठळक काढेल. वाचकाच्या लक्षातच न आलेली पाटली पुढे गेली काय आणि राहिली काय!

३. संदर्भाची पेटी

इंटरनेटवर ‘नऊवारी साडी’ शोधलंत तर लग्नातल्या आणि लावणीच्या साड्या मिळतील: भरजरी, कडक इस्त्रीच्या, तयार शिवलेल्या. रोज अंगावर असलेलं, धुऊन धुऊन मऊ पडलेलं लुगडं तिथं सापडत नाही. ते घरच्या जुन्या फोटोंत सापडतं. आजी, आत्या, शेजारच्या काकू यांचे अल्बम मागून घ्या. फोटोत मुद्दाम पोझ घेतलेल्या माणसापेक्षा मागे चुकून आलेला माणूस जास्त उपयोगी असतो, कारण तो खरा उभा असतो.

वस्तूंसाठी पुण्यातलं राजा दिनकर केळकर संग्रहालय बघाच. दिवे, अडकित्ते, स्वयंपाकघरातली भांडी एवढी आहेत की एका दिवसात स्केचबुक भरेल. फोटो काढायचे नियम आत जाण्याआधी विचारून घ्या.

फोल्डरमध्ये तीन उपफोल्डर करा: ‘असंच हवं’, ‘भाव असा हवा’ आणि ‘असं नको’. तिसरं फोल्डर लोक करत नाहीत, पण वाद सर्वात जास्त तेच वाचवतं.

दोन सापळे. एक, दुसऱ्या कलाकाराचं चित्र ‘असंच हवं’मध्ये टाकू नका, नकळत रेघ तिकडे झुकते. दोन, एआयनं बनवलेलं चित्र संदर्भ म्हणून धरू नका. त्यातल्या नऊवारीचा काष्टा कुठून निघून कुठे खोचलाय याचा कित्येकदा पत्ता नसतो, आणि तुम्ही तेच काढलंत तर साडी नेसणारी प्रत्येक वाचक बाई पहिल्या चौकटीतच ओळखेल.

४. आधी काळे ठोकळे

चेहऱ्यापासून सुरुवात करू नका. सगळी मुख्य पात्रं एका ओळीत उभी करा, आत काळा रंग भरून टाका आणि बघा कोण कोण ओळखू येतं.

आमच्या पहिल्या ओळीत तुकाराम, जॉबर (गिरणीत कामगार भरणारा मुकादम) आणि युनियनचा कार्यकर्ता असे तिघं होते. तिघांच्या डोक्यावर गांधी टोपी, अंगात सदरा, खाली पायजमा. काळाला धरून अगदी बरोबर, पण काळे केल्यावर तिघं जुळे भाऊ! मग तुकारामची टोपी उतरवली, केस राठ आणि उभे ठेवले, खांद्यावर टॉवेल दिला. जॉबरच्या हातात छत्री आली आणि पोट आलं. कार्यकर्ता तसाच ठेवला, कारण तो कायम घोळक्यात दिसतो आणि घोळक्यात तो वेगळा दिसू नये हेच बरं.

उंची डोक्यांच्या मापात मोजायची. मोठा माणूस प्रत्यक्षात साधारण साडेसात डोक्यांएवढा असतो. कॉमिकमध्ये सहा ते सात ठेवलं तर चेहऱ्याला जागा मिळते आणि माणूस विचित्रही वाटत नाही. विजूला आम्ही पाच दिली. एकदा आकडा ठरला की शीटवर (पात्राची सगळी ठरलेली चित्रं आणि मापं असलेल्या कागदावर) लिहून टाका, नाहीतर पोरगं भागागणिक वाढत जातं.

या टप्प्यावर चित्रं ओबडधोबडच पाठवा. रंगवलेलं, चकचकीत चित्र आलं की समोरचा टीका करायला बिचकतो. त्याला वाटतं एवढं केलंय बिचाऱ्यानं. आणि चित्रकारांनो, जो पर्याय तुम्हाला स्वतःला काढायचा नाही तो पाठवू नका. हमखास तोच निवडला जातो.

५. अभिप्राय: खरं काम इथं आहे

नमुना बघा. अंजनाबाईचा पहिला चेहरा येतो.

‘छान आहे, पण जरा जास्तच गोड वाटते रे. करारी पाहिजे.’

दुसऱ्या दिवशी भुवया जाड होऊन येतात. ‘आता?’

‘आता रागावलेली वाटते.’

तिसऱ्या दिवशी भुवया बारीक, जबडा रुंद. ‘आता?’

‘आता वयस्कर वाटते. पहिली बरी होती का?’

इथं चित्रकार मोबाइल उपडा ठेवून चहा प्यायला जातो, आणि त्याचं बरोबर आहे. विशेषणांवर चित्र काढता येत नाही. प्रत्येक जण आपला ‘करारी’ घेऊन येतो.

हाच अभिप्राय असा द्या: ‘पान ३ वर एक जण उधारी मागतो आणि ही भाकरी थापायची न थांबता नाही म्हणते. ती चौकट धरून चेहरा कर. मान खाली असली तरी हनुवटी आत नको. पापण्या अर्ध्या मिटलेल्या. तोंड बंद, ओठ सरळ. कपाळ आणि कुंकू आहे तसंच ठेव, ते जमलंय.’ यात प्रसंग आहे, अवयवाचं नाव आहे, आणि काय हलवायचं नाही तेही आहे. शेवटचं फार महत्त्वाचं. ते सांगितलं नाही तर चित्रकार पुढच्या वेळी चांगलं झालेलंही बदलून आणतो.

अभिप्राय लिहिताना आम्ही कागदाचे तीन रकाने करतो.

पहिला रकाना: कथेला लागतं. भाजल्याचा डाग उजव्या हाताला हवा, कारण पुढच्या भागात विजू तोच हात धरतो. हे करावंच लागतं.

दुसरा: वाचकाला कळत नाही. पदराची गाठ दिसत नाही, साडीची घडी वाटते. हेही करावं लागतं, कसं ते चित्रकारानं ठरवायचं.

तिसरा: माझी आवड. मला नाक थोडं धारदार आवडलं असतं. हे चित्रकारानं ऐकायचं, करायचं की नाही त्याची मर्जी.

हा तिसरा रकाना प्रामाणिकपणे भरा. लेखकांना आपली आवड कथेची गरज म्हणून खपवायची खोड असते. कुठल्या पानावर लागतं ते सांगता येत नसेल, तर ती तिसऱ्या रकान्यातच जाते.

बाकी शिस्तीच्या गोष्टी पटापट सांगते. तिघांचे अभिप्राय एकानं गोळा करून एकदाच पाठवायचे. तीन जणांनी तीन बाजूंनी ओढायचं नाही. रात्री अकराला चार मिनिटांचा व्हॉइस मेसेज पाठवायचा नाही, कारण उद्या चित्रकारानं त्यात नेमकं कुठलं मिनिट शोधायचं? चित्रावर थेट नवीन लेअर घेऊन आकडे टाकायचे आणि आकड्यांप्रमाणे लिहायचं. लेखकाला चित्र काढता येत नसलं तरी बाण काढता येतो. चित्र व्हॉट्सअॅपवर पाठवायचं तर फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून. फोटो दाबून लहान होतो आणि मग पुसट रेघांवर चर्चा चालते, ज्या मूळ चित्रात पुसट नसतातच.

फेऱ्या ठरवून घ्या. आमच्या तीन असतात: आकृती, चेहरा-पोशाख, रंग. रंगाच्या फेरीत कुणी उंचीबद्दल बोललं तर ते वहीत जातं, चित्रात नाही.

आणि एकदा कथा माहीत नसलेल्या माणसाला चित्र दाखवा. ‘आवडलं का?’ विचारू नका, आपली माणसं हो म्हणतात. ‘ही बाई काय काम करत असेल?’ असं विचारा. ‘शाळेत शिक्षिका असेल’ असं उत्तर आलं तर कुठलाही रकाना न भरता परत बसायचं.

६. शीट: उभं पात्र पुरत नाही

सगळीकडे शिकवतात तसं समोरून, पाऊण बाजूनं, बाजूनं आणि मागून अशी चार उभी चित्रं काढाच. आडव्या रेघा ओढून डोळे, खांदे, कंबर, गुडघे सगळ्या चित्रांत एकाच पातळीवर येतात का ते तपासा.

पण अंजनाबाई उभी किती वेळा दिसते? ती उकिडवी बसते, मांडी घालून बसते, वाकून परात सरकवते. उकिडवं बसल्यावर काष्टा मागून कसा ताणला जातो, गुडघ्यावर साडी कुठे चढते, पाऊल किती दिसतं हे उभ्या शीटवरून कुणालाच कळत नाही. म्हणून तिच्या शीटवर बसलेली चित्रं उभ्यांपेक्षा जास्त आहेत. तुमचं पात्र रिक्षा चालवत असेल तर ते सीटवर बसलेलं काढा. डेस्कवर काम करत असेल तर खुर्चीत. पात्र दिवसभर ज्या ढबीत असतं ती ढब शीटवर हवी.

भावांची शीटही तशीच. आनंद, दुःख, राग, भीती, आश्चर्य असा ठरलेला संच काढण्यात वेळ जातो आणि तुमच्या संहितेत त्यातलं आश्चर्य एकदाही येत नाही. त्याऐवजी संहितेतली वाक्यं घ्या. ‘उधारीची वही मिटताना’, ‘भोंगा वाजला नाही तेव्हा’, ‘विजू खोटं बोलतोय हे कळल्यावर’. असे आठ-दहा चेहरे काढले की निम्म्या चौकटी आधीच सुटतात.

आता डावं-उजवं. हा सापळा जवळपास प्रत्येक जोडीला अडकवतो. चित्र तपासायला चित्रकार कॅनव्हास आडवा उलटवून बघतात. सवय चांगलीच आहे. कधी मांडणीसाठी अख्खी चौकट उलटी केली जाते आणि तशीच राहते. मग डाव्या नाकपुडीतली चमकी उजवीकडे जाते, डाव्या खांद्यावरचा पदर उजव्या खांद्यावर जातो, सदऱ्याचा खिसा बाजू बदलतो, भाजलेला हात बरा होतो. शीटच्या कोपऱ्यात एक चौकट करून ठळक लिहा: ‘चमकी: तिची डावी. पदर: तिचा डावा खांदा. डाग: तिचं उजवं मनगट.’ ‘तिची’ हा शब्द लिहाच. नुसतं ‘डावी’ लिहिलं की बघणाऱ्याची डावी की पात्राची, यावर पुन्हा फोन होतो.

७. कातरकाम

प्रत्येक अलंकार, प्रत्येक बटण, कापडावरची प्रत्येक चौकडी पुढच्या शेकडो चित्रांत पुन्हा पुन्हा काढायची आहे. डिझाइन करताना हात मोकळा असतो, महिन्याला भाग द्यायला लागलं की तोच हात दुखतो.

आधी मोबाइलचं गणित समजून घ्या. वेबटून कॅनव्हासवर (कुणालाही आपलं कॉमिक टाकता येतं अशा साइटवर) चित्राची रुंदी ८०० पिक्सेल असते. समजा चौकटीत अख्खा माणूस ६०० पिक्सेल उंच उभा आहे. सात डोक्यांचा धरला तर डोकं साधारण ८५ पिक्सेलचं, आणि डोळा जेमतेम १०-१२ पिक्सेल रुंद. चमकी एखाद-दुसरा ठिपका. साडीच्या काठातले मोर, लुगड्याची बारीक चौकडी, पापणीचे केस यांचं तिथं काय होणार? राखाडी चिखल.

म्हणून शीट लहान करून साध्या मोबाइलवर बघा. जे दिसत नाही ते दोन प्रकारचं असतं: कथेला लागणारं आणि न लागणारं. लागणारं मोठं करा, न लागणारं काढून टाका. अंजनाबाईच्या काठाचं आम्ही एक रुंद पट्टा आणि त्यात एक रेघ केलं. हिरव्या बांगड्या मोजून न काढता हिरवा पट्टा आणि दोन पांढरे चमकारे. तुकारामचा चौकड्यांचा सदरा गेला आणि साधा आला, कारण घडीबरोबर चौकडी वळवत बसायला चित्रकारानं साफ नकार दिला, आणि चौकडी न वळवता नुसती वर चिकटवली की माणूस पुठ्ठ्याचा दिसतो. उलट भाजल्याचा डाग आम्ही खऱ्या डागापेक्षा बराच मोठा केला.

जवळच्या चौकटींसाठी तपशिलाची वेगळी शीट ठेवायला हरकत नाही. तिच्यावर लिहा: ‘चेहरा अर्ध्या चौकटीपेक्षा मोठा असेल तरच.’

८. रंग

प्रत्येक पात्राचे रंग ठरवून त्यांचे हेक्स कोड (प्रत्येक रंगाचा सॉफ्टवेअरमधला ठरलेला सहा अंक-अक्षरांचा क्रमांक) शीटवर लिहा. ‘विटकरी’ म्हटलं की तिघांना तीन विटा दिसतात. शीटवरच्या चित्रातून ड्रॉपरनं रंग उचलायचा नाही, कारण जेपीईजीमध्ये रंग किंचित सरकलेला असतो. रंगांचे ठोकळे वेगळ्या पीएनजी फायलीत ठेवा.

मग चित्र राखाडी करून बघा. साडी आणि मागची भिंत राखाडीत एकसारखी झाली तर रंगात कितीही वेगळी असली तरी पात्र भिंतीत बुडणार. अंजनाबाई कायम धुरकट, काळपट भिंतीपुढे बसते, म्हणून तिचं लुगडं आधीच्या गडद जांभळ्यावरून फिक्या मोरपिशीवर गेलं.

त्वचेच्या रंगाबद्दल जरा परखड बोलते. आपल्याकडे नायिका गोरी, कष्टकरी सावळे आणि खलनायक काळा ही सवय हातात इतकी भिनलेली असते की कुणी ठरवत नसतानाही ती उतरते. पात्रं एका ओळीत ठेवून फक्त त्वचेचे ठोकळे शेजारी शेजारी लावा, ताबडतोब दिसेल. सावळ्या त्वचेची सावली करताना काळा रंग मिसळू नका, चेहरा राखेसारखा होतो. मल्टिप्लाय लेअरवर (खालचा रंग गडद करणाऱ्या थरावर) जांभळट किंवा तांबूस छटा घ्या.

रात्रीचे, दिव्याच्या उजेडातले रंग पात्रागणिक नव्यानं शोधू नका. मूळ रंग तेच ठेवून वर एक ठरलेला लेअर द्या आणि त्याची अपारदर्शकताही लिहून ठेवा.

‘माझ्याकडे असा दिसत नाही’ हा वाद सुरू झाला की आधी कलर प्रोफाइल (फाइलमधले रंग स्क्रीननं कसे दाखवायचे ते सांगणारी सेटिंग) तपासा. आयपॅडवर काम करणाऱ्याची फाइल डिस्प्ले पी३ या प्रोफाइलमध्ये असू शकते, आणि दुसऱ्याच्या लॅपटॉपवर तीच फाइल मलूल किंवा भडक दिसू शकते. वेबसाठी सगळ्यांनी एसआरजीबी हे प्रोफाइल ठेवा. आणि स्क्रीनवरची ती डोळ्यांना आराम देणारी पिवळी छटा रंग ठरवताना बंद करा, कितीही रात्र झाली असली तरी.

९. चाचणीची पानं

शीट पूर्ण झाली की कॉमिक सुरू करू नका. दोन-तीन पानं अशी काढा जी कधीच प्रसिद्ध होणार नाहीत. सोपे प्रसंग नकोत, जे काढायचा कंटाळा येईल तेच घ्या: पंगतीत वीस माणसं, धावत जिना उतरणारा विजू, वरून दिसणारी खाणावळ, पावसात भिजलेली साडी, मागून पाहिलेले तिघं.

इथं शीटच्या सगळ्या उणिवा बाहेर येतात. अंजनाबाईचा उंच अंबाडा बाजूनं झकास दिसायचा, पण वरच्या कोनातून तो दुसरं डोकं वाटायचा. आणि चौकटीत संवादाच्या फुग्याची जागाही तोच खायचा. अंबाडा मानेवर खाली आला. हे शीट बघून कुणाच्याच लक्षात आलं नसतं.

चाचणीची पानं रंगवणारीकडेही जाऊ द्या. फाइल एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात पीएसडी (फोटोशॉपच्या लेअरवाल्या फाइलचा प्रकार) म्हणून जाते खरी, पण व्हेक्टर रेघा (कितीही मोठ्या केल्या तरी न फाटणाऱ्या) साध्या होतात, काही लेअरचे परिणाम बदलतात. हे चाचणीत कळलेलं बरं, भाग द्यायच्या आदल्या रात्री नको. प्रत्येक चौकटीला किती वेळ लागला तेही इथंच टिपून घ्या. वेळापत्रक त्याच्यावर ठरवा, उत्साहावर नाही.

१०. कुलूप, आणि ते कधी उघडायचं

चाचणीनंतरच्या दुरुस्त्या झाल्या की शीटवर ‘पक्की’ लिहा, तारीख टाका आणि फाइल फक्त बघता येईल अशी करून ठेवा. ‘फायनल’, ‘फायनल२’, ‘खरंच फायनल’ ही नावं प्रत्येक फोल्डरमध्ये सापडतात. त्याऐवजी पात्राचं नाव, भाग आणि आवृत्तीचा आकडा: ‘अंजना_शीट_०४’. जुन्या आवृत्त्या पुसू नका, ‘जुने’ नावाच्या फोल्डरमध्ये ढकला. मुख्य फोल्डरमध्ये प्रत्येक पात्राची एकच शीट दिसली पाहिजे.

सोबत एक साधी बदल-वही ठेवा. तारीख, काय बदललं, का बदललं, कितव्या भागापासून. ‘का’चा रकाना भरलेला असेल तर चार महिन्यांनी तीच चर्चा पुन्हा होत नाही, आणि मध्येच आलेल्या नव्या माणसाला वही वाचायला दिली की काम भागतं.

कुलूप उघडायची कारणं तीनच मानायची: कथेत काळ पुढे गेला, वाचक दोन पात्रांत सतत गोंधळतायत, किंवा एखादी गोष्ट काढायला इतका वेळ लागतोय की भाग लांबतायत. ‘कंटाळा आला’ हे कारण नाही. बदल प्रकरणाच्या सुरुवातीला करा, मधल्या चौकटीत गुपचूप नको.

एक बदल मात्र कुणी न ठरवता होतोच. तेच पात्र सतत काढून चित्रकाराचा हात सरावतो. नाक आखूड होतं, डोळे मोठे होतात, रेघ कमी होते. बहुतेक वेळा ते पात्राच्या भल्याचंच असतं. म्हणून दर प्रकरणानंतर ताज्या चौकटी आणि शीट शेजारी शेजारी ठेवा. नवं जास्त चांगलं असेल तर शीटच नवी करा आणि आवृत्तीचा आकडा वाढवा. जुने भाग सुधारायला बसू नका. पहिल्या भागातली अंजनाबाई आताच्या अंजनाबाईपेक्षा जरा लांबट चेहऱ्याची आहे, राहू दे. वाचक पुढच्या भागाची वाट बघत असतात, आणि जुनी पानं घासत बसलेल्या जोडीचा तो पुढचा भाग बरेचदा येतच नाही.